ग्रीकला साडेसातशे

मराठीत समीक्षेला तोटा नाही. कवितेवर समीक्षा असते, त्या समीक्षेवर टीका असते, त्या टीकेला सविस्तर उत्तर असतं आणि मग मूळ कविता कुणाची होती हे विचारायला वाचनालयात जावं लागतं. कादंबरीची होते, नाटकाची होते. हल्ली तर भेळेची आणि हॉटेलातल्या पंख्याचीही लोक समीक्षा करतात. पण तक्ता नावाचा जो एक वाङ्मयप्रकार आहे, त्याकडे आमच्या थोर समीक्षकांनी अक्षम्य दुर्लक्ष केलं आहे. मी बी.कॉम. आहे आणि गेली वीस वर्षं बँकेत कारकून आहे. कविता वाचताना इथं हसायचं की गंभीर व्हायचं हे मला पुष्कळदा कळत नाही. तक्ता समोर आला की मात्र बरोबर कळतं. कुठल्या रकान्यात लेखकाचा जीव आहे आणि कुठला रकाना पाहुणे येणार म्हणून मांडून ठेवला आहे, हे मी लांबूनही सांगू शकतो.

तेव्हा आज एका तक्त्याचं परीक्षण करायचं योजलं आहे. तक्ता १८५४ सालचा आहे. विषय असा की, हिंदुस्थानचा कारभार हाकायला विलायतेहून जे तरुण पाठवायचे, त्यांची परीक्षा कुठल्या विषयांत घ्यावी आणि कुठल्या विषयाला किती गुण ठेवावेत. लेखक पाच जणांची एक समिती. तिच्यातले प्रमुख मेकॉलेसाहेब. आपल्याला शाळेपासून माहीत असलेले तेच.

हा तक्ता मला मिळाला माझ्या भाच्याच्या पिशवीत. भाचा पुण्यात सदाशिव पेठेत कॉट बेसिसवर राहून केंद्रीय लोकसेवा आयोगाच्या परीक्षेचा अभ्यास करतो. सुट्टीत घरी आला की चार कपडे आणि चौदा किलो पुस्तकं घेऊन येतो. त्यातलं एक जाडजूड पुस्तक मी दुपारी डोक्याखाली घ्यायला म्हणून उचललं आणि ते नेमकं या पानावर उघडलं. झोप गेली ती गेलीच.

तक्ता असा आहे. इंग्रजी निबंधाला ५००. इंग्लंडच्या इतिहासाला, तिथल्या कायद्यासकट, ५००. इंग्रजी भाषा आणि वाङ्मय ५००. ग्रीक ७५०. लॅटिन ७५०. फ्रेंच, जर्मन आणि इटालियन यांना प्रत्येकी ३७५. गणित १०००. पदार्थविज्ञान, रसायन वगैरे निसर्गविज्ञानाला ५००. तर्कशास्त्र, नीतिशास्त्र, तत्त्वज्ञान मिळून ५००. आणि तळाशी संस्कृत ३७५, अरबी ३७५. एकूण ६८७५. सवयीनं मी बेरीज करून पाहिली. जमते. साहेबाच्या बेरजेत चूक काढण्याची संधी आमच्या पिढीलाही मिळू नये, याचं क्षणभर वाईट वाटलं.

आता कुणालाही पहिल्यांदा काय दिसतं ते सांगतो. संस्कृत आणि अरबी या दोन्ही भाषा उलथ्यापालथ्या पाठ केल्या, तर दोन्ही मिळून एकट्या ग्रीकइतके गुण होतात. हे मी आमच्या सोसायटीतल्या निवृत्त मास्तरांना दाखवलं. मास्तरांनी चाळीस वर्षं शाळेत संस्कृत शिकवलं आहे. त्यांनी चष्मा कपाळावर नेला, परत नाकावर आणला आणि म्हणाले, “ग्रीकचं एक वेळ समजू शकतो रे. पण इटालियनइतकेच?” त्या दिवशी मास्तर संध्याकाळी फिरायला आले नाहीत.

मास्तरांचं दुःख मोठं आहेच. पण माझी नजर गेली ती तक्त्यात नसलेल्या ओळीकडे. बँकेत आम्हाला पहिली शिकवण ही मिळते की लेजरात काय लिहिलंय ते कुणीही वाचेल, काय लिहिलेलं नाही ते वाचायला शिका. मराठी नाही. बंगाली नाही, हिंदी नाही, तमिळ नाही, गुजराती नाही. शून्य गुण म्हणूनसुद्धा नाही. ज्या भाषेत सोलापूरकडची रयत दुष्काळात सारामाफीचा अर्ज करणार, कोर्टात शपथ घेणार आणि साहेबाची पाठ वळली की त्याला शिव्या देणार, ती भाषा ज्या परीक्षेवर सगळं ठरणार तिच्यात कुठं बसतच नव्हती. निवड झाल्यानंतर उमेदवारीच्या काळात देशी भाषा, हिंदुस्थानचा इतिहास, कायदा आणि हिशेबशास्त्र शिकून घ्यायचं, अशी सोय समितीनं केली होती. (हिशेबशास्त्र वाचून एक कॉमर्स पदवीधर या नात्यानं मला गहिवरून आलं. जमाखर्च कसा ठेवावा आणि कसा तपासावा, हे आय.सी.एस. झालेल्याला आलं पाहिजे असं निदान एका समितीला तरी वाटलं होतं.) म्हणजे आधी साहेब व्हायचं आणि मग कुठला साहेब ते शिकायचं.

समीक्षकानं सहानुभूतीही दाखवावी असं म्हणतात, म्हणून लेखकांची बाजू सांगतो. हा तक्ता येण्याआधी काय होतं? भाचेगिरी होती. ईस्ट इंडिया कंपनीचे डायरेक्टर ज्याचं नाव सुचवतील तो पोरगा हेलिबरीच्या कॉलेजात जायचा आणि तिथून थेट हिंदुस्थानात. डायरेक्टरला मुलगा नसला तर पुतण्या असे, पुतण्या नसला तर मेव्हणीचा दीर असे. १८५३ च्या कायद्यानं हा वशिला बंद केला आणि १८५५ पासून लंडनमध्ये खुली परीक्षा सुरू झाली. कुणाचा कोण हे विचारायचं नाही, वयात बसतोस ना, मग बस आणि लिही. कुठलाही विषय सक्तीचा नाही, झेपतील ते घ्या. अनेक विषयांचं वरवरचं चाटून आलेल्याला गुण देऊ नयेत, अशीही समितीची ताकीद होती. एवढं सगळं बघता, आमच्या काळातल्या कित्येक परीक्षांपेक्षा हा कारभार स्वच्छ होता असं मी जबाबदारीनं म्हणतो.

आणि मेकॉलेसाहेबांची विचारसरणीही गमतीची होती. १८३३ साली पार्लमेंटात भाषण करताना त्यांनी सांगितलं होतं की, विषय कुठला हा प्रश्नच गौण आहे. समजा, आपल्याकडे ग्रीकऐवजी अमेरिकेतल्या चेरोकी लोकांची भाषा शिकवत असते, तर चेरोकीत उत्तम पद्यं रचणारा पोरगाच सर्वांत हुशार ठरला असता. वाचून मला वाटलं, वा! केवढं मोठं मन! चेरोकी चालेल, पण मराठी सुचत नाही. पुढं १८३५ साली हिंदुस्थानात बसून त्यांनी जो सुप्रसिद्ध खलिता लिहिला, त्यात आपल्याला संस्कृत किंवा अरबी येत नाही हे त्यांनी मोकळेपणानं कबूल केलं आहे. दोन्ही येत नसल्यामुळे त्यांनी दोघींनाही अगदी सारखं वागवलं. ३७५ आणि ३७५. सख्ख्या सुनांनासुद्धा एवढा न्याय मिळत नाही. समितीत दुसरे एक सद्‌गृहस्थ होते बेंजामिन जॉवेट, ऑक्सफर्डचे ग्रीकचे विद्वान, ज्यांनी पुढं प्लेटोचं भाषांतर केलं. ग्रीकला साडेसातशे का, याचा खुलासा मी वाचकांवर सोपवतो.

पण या तक्त्याचं खरं मर्म त्याच्या शेजारच्या मजकुरात आहे, आणि तिथं मी पेन्सिलीनं खूण करून ठेवली आहे. (पुस्तक भाच्याचं आहे, त्याला अजून कळलेलं नाही.) समितीपुढं प्रश्न होता की, परीक्षेला शेकडो बसणार, निवड थोड्यांचीच होणार, मग जे नापास होतील त्यांचं काय? त्यांनी उमेदीची वर्षं संस्कृत, फारसी घोकण्यात घालवली, तर इंग्लंडात त्याचा त्यांना काय उपयोग? म्हणून समितीनं ठरवलं, परीक्षेत विषय असे ठेवा की जे घरीच राहणाऱ्या इंग्रज सद्‌गृहस्थालाही शोभतील आणि उपयोगी पडतील. ग्रीक येत असली तर नापास झालेला मुलगा शाळेत मास्तर होईल, पाद्री होईल, वकील होईल. त्याचं नुकसान होता कामा नये.

केवढी ही माया! परीक्षा घेणाऱ्यानं नापास होणाऱ्याच्या पुढच्या आयुष्याची काळजी वाहिलेली मी तरी दुसरीकडे पाहिली नाही. आम्ही ज्या ज्या परीक्षा दिल्या त्यांत नापास होणाऱ्यानं काय करावं याचं उत्तर ‘ऑक्टोबरला बसावं’ एवढंच होतं. फक्त मायेचा पदर लंडनपुरता होता. साडेचार हजार कोसांवरून जहाजानं येणारा, घरच्यांचा विरोध पत्करून, समुद्र ओलांडल्याबद्दलचं प्रायश्चित्त उधारीवर ठेवून, बापाचं कर्ज डोक्यावर घेऊन बसणारा एखादा काळा मुलगा नापास झाला, तर त्याचं काय, ही ओळ त्या मजकुरात नाही. तो बसेल असं कुणाला वाटलंच नव्हतं. कायद्यात त्याला मज्जाव नव्हता, उलट १८३३ च्या सनदेत आणि १८५८ च्या राणीच्या जाहीरनाम्यात जात, धर्म, वर्ण आड येणार नाही असं छापून दिलेलं होतं. दरवाजावर ‘प्रवेश बंद’ अशी पाटी कुठंच नव्हती. फक्त दाराची रुंदी आतल्या माणसांच्या मापानं घेतलेली होती.

तरी दोघे तरुण निघाले. १८६२ साली कलकत्त्याहून सत्येंद्रनाथ टागोर आणि त्यांचे स्नेही मनमोहन घोष विलायतेला गेले. सत्येंद्रनाथ १८६३ मध्ये पास झाले, आय.सी.एस. होणारे पहिले हिंदी गृहस्थ. तोवर संस्कृत आणि अरबी यांचे गुण ५०० वर गेले होते. टागोर पास झाले आणि थोड्याच काळात ते पुन्हा ३७५ वर आले. आमच्या बँकेत एखाद्या योजनेतून पहिल्या ठेवीदारानं फायदा काढून नेला की पुढच्या तिमाहीत जे परिपत्रक येतं, त्याची मला आठवण झाली. मनमोहन घोष दोनदा बसले, दोनदा राहिले. त्यांनी बॅरिस्टरी केली आणि १८६६ साली या परीक्षेवरच एक पुस्तिका लिहिली. तक्त्याचे आद्य समीक्षक ते; मी त्यांच्यामागून आलेला.

विषयांनी अडलं नाही त्याला वयानं अडवलं. सुरुवातीला वयाची मर्यादा तेवीस होती, ती बावीस झाली, १८६६ ला एकवीस झाली. १८६९ मध्ये चार हिंदी तरुण पास झाले. तिघे बंगाली आणि चौथे आपल्या मुंबई इलाख्यातले श्रीपाद बाबाजी ठाकूर. त्यांतल्या ठाकूर आणि सुरेंद्रनाथ बॅनर्जी या दोघांना वय जास्त म्हणून काढून टाकलं. कारण काय, तर मॅट्रिकच्या वेळी सुरेंद्रनाथांनी वय सोळा लिहिलं होतं. आता आपल्याकडे वय कसं सांगतात ते लंडनला कुणी सांगायचं? आपल्याकडे पोराला पंधरा पूर्ण झाली की आजी म्हणते, “सोळावं लागलं हो!” आणि लागलेलं वर्ष बेधडक मोजते. साहेब मोजतो पूर्ण झालेली वर्षं. हा फरक मला विचारा. मुदत ठेवीवर व्याज पूर्ण झालेल्या दिवसांचंच मिळतं, महिना नुसता लागला म्हणून अख्ख्या महिन्याचं नाही, हे काउंटरवर समजावता समजावता माझी उमर गेली. (लागलेली नव्हे, पूर्ण झालेली.) शेवटी कोर्टकचेरी झाली आणि दोघांनाही परत घेतलं. एवढ्यानं धडा घेऊन आजीची पद्धत समजून घ्यायची, तर १८७८ पासून मर्यादा आणली एकोणीसवर! म्हणजे इकडे सोळा-सतराव्या वर्षी मॅट्रिक व्हायचं, जहाज पकडायचं आणि जो इंग्रज पोरगा लहानपणापासून घरी ग्रीक-लॅटिन ऐकत आलाय त्याच्याशी दोन वर्षांत बरोबरी करायची. सुरेंद्रनाथ याविरुद्ध देशभर सभा घेत फिरले. मर्यादा परत तेवीसवर यायला १८९२ उजाडलं.

आणि घोडा! घोडा या तक्त्यात नाही, पण तो बाहेर उभा होता. पास झालेल्या उमेदवाराला घोडेस्वारीची परीक्षा द्यावी लागे. अरविंद घोष १८९० साली लेखी परीक्षा पास झाले. ग्रीक-लॅटिनमध्ये ते कुठल्याही इंग्रजाला भारी. पण १८९२ मध्ये घोडेस्वारीत ते अडले, आणि अडले म्हणण्यापेक्षा घोड्याकडे फिरकलेच नाहीत. सरकारनं त्यांना घेतलं नाही. १८९३ ला ते बडोद्याला सयाजीराव महाराजांच्या नोकरीत आले. एका घोड्यानं इंग्रज सरकारला पुढं किती ताप दिला याचा हिशेब कुठल्याच जमाखर्चात सापडत नाही.

ही परीक्षा हिंदुस्थानातही घ्या, ही मागणी काँग्रेसनं १८८५ च्या पहिल्याच अधिवेशनात केली. १८९३ मध्ये खुद्द पार्लमेंटनं तसा ठराव केला. आणि पहिली परीक्षा अलाहाबादला झाली १९२२ मध्ये. ठराव आणि अंमलबजावणी यांत एकोणतीस वर्षं. सरकारी कामाला एवढा वेळ लागतो, असं म्हणून आमच्या शाखेतले हेड कॅशियर गप्प बसले. त्यांच्या स्वतःच्या बदलीच्या अर्जाला तेव्हा अकरावं लागलं होतं.

मधल्या काळात आपल्या महाडजवळच्या एका मुलानं या सगळ्या तक्त्यांची जी काही दैना केली, ती सांगितल्याशिवाय मला पुढं जाववत नाही. चिंतामणराव देशमुख. १९१२ च्या मॅट्रिकला मुंबई विद्यापीठात पहिले आणि संस्कृतची जगन्नाथ शंकरशेट शिष्यवृत्तीही त्यांनाच. मग केंब्रिजला जाऊन शिकले काय, तर वनस्पतिशास्त्र! त्यातही बक्षीस. १९१८ ला आय.सी.एस.मध्ये पहिले. आणि १९४३ साली झाले रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर. म्हणजे आमच्या साहेबांच्या साहेबांच्या साहेबांचे साहेब. पानं, फुलं आणि मुळं यांचा अभ्यास केलेल्या माणसाची सही नोटांवर आली आणि नोटा व्यवस्थित चालल्या. त्यांनी ‘मेघदूता’चं मराठी पद्यात भाषांतर केलं. ही हकिगत मी मास्तरांना सांगितली तेव्हा ते पुन्हा फिरायला यायला लागले.

सत्येंद्रनाथांची गोष्ट मात्र अर्धी राहिली. पास झाल्यावर त्यांना कुठं पाठवलं? मुंबई इलाख्यात. आमच्याकडे. गावोगाव बदल्या झाल्या आणि १८९७ साली साताऱ्याचे जज्ज म्हणून ते निवृत्त झाले. या बंगाली जज्जानं इथं राहून मराठी शिकली आणि तुकारामाचे अभंग बंगालीत नेले. त्याबद्दल ना कुठला गुण, ना बढती, ना तक्त्यात रकाना. समीक्षक म्हणून मला विचाराल, तर १८५४ च्या त्या समितीवर याहून कडक टीका कुणी केलेली नाही, आणि तीही एक शब्द न बोलता.

आता तक्ता बदलला आहे. भाच्याच्या परीक्षेत मुलाखतीसकट एकूण २०२५ गुण आहेत. वैकल्पिक विषयाचे दोन पेपर, ५०० गुणांचे, आणि त्या यादीत मराठी साहित्य आहे. ज्याला १८५४ मध्ये ओळही मिळाली नाही, त्याला पाचशे. अर्थात, तेही कुणी सुखासुखी राहू देत नाही. २०१३ च्या मार्चमध्ये नियम आला की एखाद्या भाषेचं साहित्य घ्यायचं तर पदवी त्याच साहित्यात हवी. म्हणजे इंजिनियरानं मराठी साहित्य घ्यायचं नाही, जणू काही कविता वाचल्यानं पूल पडतो. संसदेत गदारोळ झाला, नियम महिन्याच्या आत मागं घेतला. साहेब गेला, पण तक्ता करायला बसलं की माणसाचा हात आपोआप आपल्या ओळखीच्या रकान्याकडे वळतो तो वळतोच.

मी भाच्याला विचारलं, “मग काय, मराठी घेतोस ना?”

“नाही मामा, भूगोल.”

“का रे?”

“नकाशे काढता येतात. मार्क सुटतात.”

माझी बहीण तिथंच गवार निवडत बसली होती. तिनं मेकॉले वाचलेला नाही. तिला एवढं माहीत आहे की दरवर्षी दहा लाखांच्या आसपास मुलं अर्ज भरतात आणि जागा असतात हजाराच्या आगेमागे. भाच्याचं हे तिसरं वर्ष. सदाशिव पेठेत त्याच्या खोलीवर सहा कॉट आहेत, आणि त्यांतल्या एकावरचा मुलगा बत्तिशीचा झाला आहे. तो आता आपल्या गावी फोन करत नाही.

ती मान वर न करता म्हणाली, “दादा, नाही जमलं त्याला, तर त्या भूगोलाचं पुढं काय करायचं रे?”

हाच तो प्रश्न. १८५४ ला पाच जणांनी आपल्या पोरांसाठी विचारलेला.

मी म्हटलं, “बँकेच्या परीक्षा असतात की.”

“तिथं भूगोल विचारतात?”

“विचारतात थोडा. देशांच्या राजधान्या आणि कुठल्या देशाचं चलन कुठलं, एवढं.”

तिनं गवारीचं ताट भाच्याकडे सरकवलं आणि म्हणाली, “मग ते आधी पाठ कर बाबा.”